रापणीचे दोन दोर

(पडद्यावर: देवगड तालुक्यातली कलमांची बाग. एप्रिल महिना, सकाळचे सात.)

आधी फांदी हलल्याचा आवाज येतो, मग कैरी पडल्याचा. खाली जाऊन बघावं तर कैरीला एकच चावा. तेवढ्यात दुसरी पडते. तिलाही एकच.

"इली मेली!" म्हणत बागेचे मालक बेचकी घेऊन पडवीतून उतरतात. कॅमेरा बघून आम्हालाच विचारतात, "ह्यांचो फोटो काढतास? माझ्या नुकसानीचो काढा." त्यांचं काही खोटं नाही. फवारणीपासून राखणीपर्यंत वर्षभर पैसा ओतायचा आणि पेटी भरायच्या आधी झाडाखाली कैऱ्यांचा सडा बघायचा, हे ज्याच्या नशिबी आलंय त्याला माकडाकडून काही शिका म्हणून सांगायला जाऊ नये. आम्हीही गेलो नाही.

(कॅमेरा वर, फांदीवर.)

हे लाल तोंडाचं माकड. डोक्यावर मधोमध भांग पाडून चापून बसवल्यासारखी केसांची टोपी. त्या टोपीवरूनच इंग्रजांनी त्याला बॉनेट मकाक म्हटलं. भारताच्या दक्षिण द्वीपकल्पाबाहेर हे माकड रानात कुठंच राहत नाही. वांदर वेगळे, काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे. वांदराच्या गालात थैल्या नसतात, याच्या असतात. म्हणून हा आधी कोंबतो, मग पळतो आणि लांब जाऊन निवांत चघळतो.

पहिला दगड सुटला तशी सगळी टोळी कुंपणापलीकडच्या वडावर गेली. आम्ही दुर्बीण लावली. दोन थोराड नर एकाच फांदीवर, अंगाला अंग लावून बसलेले. एकानं दुसऱ्याच्या पाठीवरचे केस एका हातानं उलटे सारले, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी काहीतरी टिपलं, तोंडात टाकलं, पुन्हा केस सारले. ज्याची पाठ होती त्यानं डोळे मिटले होते. वीस मिनिटं हेच चाललं. खाली मालक शिव्या देत होते.

या जातीची ही खासियत आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत या माकडांचा आणि त्यांच्या चुलतभावांचा, डुक्करशेपटी मकाकांचा, शेजारी-शेजारी अभ्यास झाला. चुलतभाऊ अंतर राखून बसत. आपली टोपीवाली मात्र गठ्ठ्यानं, एकमेकांना चिकटून.

आता मला ही फिल्म का करावीशी वाटली ते सांगतो. त्याचा बागेशी संबंध नाही.

(पडद्यावर: समुद्राकाठच्या रिसॉर्टचा रिकामा हॉल. प्रोजेक्टरचा पांढरा उजेड.)

मी पूर्वी एका कंपनीत नोकरीला होतो. कंपनीचं नाव राहू दे. आम्हाला दोन दिवस कोकणात आणलं होतं, टीम बिल्डिंगसाठी. ट्रेनरनं पहिली स्लाइड लावली: छाती पिटणारा गोरिला. खाली लिहिलेलं, 'अल्फा बना'. दुसऱ्या स्लाइडवर सगळे दात दाखवणारा चिंपांझी आणि ओळ, 'आनंदी टीम'. आम्ही हसलो. पुढं कधीतरी वाचताना कळलं की माकडं-वानरं असे दात विचकतात ते बहुतेक वेळा घाबरून, नाहीतर वरचढाला शरण जाताना. म्हणजे स्लाइड आमच्या टीमबद्दल बरोबरच होती.

दुपारी आम्हाला वाळूत रस्सीखेच खेळायला लावलं. अकाउंट्स विरुद्ध सेल्स. आणि कुंपणापलीकडं, शंभरेक पावलांवर, गावातली माणसं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढत होती. आमच्यातल्या एकानंही तिकडं बघितलं नाही. मी पण नाही.

अल्फाचं थोडं सांगायलाच हवं, कारण हा शब्द ऑफिसातून जाता जात नाही. फ्रान्स द वाल या डच शास्त्रज्ञानं नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या प्राणीसंग्रहालयातल्या चिंपांझींचं राजकारण वर्षानुवर्षं टिपलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं आणि पुढं, १९९४ मध्ये, तिथले नेते न्यूट गिंग्रिच यांनी ते अमेरिकी काँग्रेसच्या नवख्या सदस्यांच्या वाचनयादीत घातलं. राजकारण्यांना त्यात काय दिसलं असेल ते असो. पण त्या वसाहतीत घडलं ते असं: तीन नर. येरून म्हातारा होत चाललेला, लाउट तगडा, निकी तरुण. येरूननं लाउटपुढं गादी गमावली, मग निकीला हाताशी धरून लाउटला खाली खेचलं आणि निकीच्या आडून आपलं चालवलं. पुढं या दोघांचं बिनसलं, लाउट पुन्हा वर आला. मग १९८० मध्ये एका रात्री, झोपायच्या पिंजऱ्यात, दोघांनी मिळून त्याला इतकं फाडलं की तो वाचला नाही. तगड्या अल्फाचंही हे झालं. अल्फा म्हणजे दांडगाई करणारा, हा अर्थ लोकांनी उचलला याची खंत द वाल शेवटपर्यंत बोलून दाखवत. चांगला म्होरक्या भांडणं सोडवतो, हरलेल्याजवळ जाऊन बसतो, हे त्यांनीच लिहून ठेवलेलं. ते कुठल्या स्लाइडवर येत नाही.

(पडद्यावर: आचऱ्याचा किनारा. ओहोटी. लाकडी होडी पाण्यात ढकलली जाते.)

या खेपेला मी रापण बघायलाच आलो.

जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतो. होडी जाळं सोडत सोडत आत जाते, अर्धगोल वळते आणि दुसरं टोक घेऊन बऱ्याच लांब पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन गट. टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागं टाकायचं आणि उलट्या पावली चालायचं. शेवटचा माणूस दोर सोडतो, धावत पाण्याकडं जाऊन पुन्हा पहिला होतो. ओढता ओढता दोन्ही गट एकमेकांकडं सरकत येतात आणि जाळ्याचं तोंड आवळत जातं.

तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके, मध्ये उभे. वय सत्तरीच्या पुढं, दोराला हात नाही. त्यांची नजर नुसती उजवीकडून डावीकडं. मध्येच ओरडतात, "थांबा रे तुमी! त्येंका येवंदे!" मी विचारलं, कशाला थांबवलंत? म्हणाले, "दोनय बाजू सारख्यो येवंक व्हयत. एक फुडे इली काय मासो भायर."

(पडद्यावर: दोर धरलेले हात, जवळून. तळव्यांवरचे घट्टे.)

युगांडात व्हिक्टोरिया सरोवरात न्गाम्बा नावाचं बेट आहे. शिकाऱ्यांकडून सोडवलेल्या अनाथ चिंपांझींना तिथं ठेवतात. २००६ च्या सुमारास ॲलिशिया मेलिस, ब्रायन हेअर आणि मायकल टोमासेलो या संशोधकांनी तिथं एक फळी मांडली. फळीवर खाऊ, हाताबाहेर. फळीच्या कड्यांतून ओवलेला एक दोर, त्याची दोन टोकं पिंजऱ्यात. दोघांनी दोन टोकं एकदम ओढली तर फळी पुढं येते. एकट्यानं ओढलं तर दोर सळकन निघून हातात येतो, खाऊ जागच्या जागी. ज्यानं कुणी हा प्रयोग रचला त्यानं रापण पाहिली असेल असं वाटावं, इतकं हे जुळतं.

चिंपांझींनी दोन गोष्टी दाखवल्या. शेजारच्या खोलीतल्या सोबत्याला खुंटी काढून आत घ्यायची सोय होती. दोन्ही टोकं एकट्याच्या आवाक्यात असली की ते बहुधा कुणाला बोलवत नसत. लांब असली की बोलवत. आणि दोन सोबत्यांतून एक निवडायचा झाला, तर दोनचार अनुभवांनंतर ज्याला थांबता येतं त्याला आत घेत, घाईनं दोर हिसकणाऱ्याला नाही.

पण माझ्या दृष्टीनं खरी गोम पुढं आहे. कुठल्या जोड्यांना जमलं? ज्या जोड्या आधी एका जागी शांतपणे खाऊ वाटून खात होत्या, त्यांना. जो जेवताना दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही, त्याच्यासोबत दोर ओढायला कुणी येईना, दोर कसा ओढतात हे दोघांनाही पक्कं ठाऊक असूनसुद्धा. त्याच नाराज सोबत्याला वाटून खाणाऱ्या जोडीदाराबरोबर बसवलं की दोर सुरळीत. पुढं २००७ मध्ये बोनोबोंवर, म्हणजे चिंपांझींच्या सख्ख्या भाईबंदांवर, असाच प्रयोग झाला. खाऊ एकाच ठिकाणी ढिगानं ठेवला, म्हणजे एकट्यानं बळकावता येईल असा, तरी बोनोबोंनी जमवलं. चिंपांझी तिथं अडले.

आमच्या कंपनीत काम कसं करायचं ते सगळ्यांना येत होतं. घोडं अडायचं ते एप्रिलमध्ये, वाढीची पत्रं आल्यावर.

शेजाऱ्याला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळाल्यावर काकडी फेकून देणाऱ्या कॅप्युचिन माकडाचा २००३ सालचा प्रयोग तुम्ही मोबाइलवर पाहिला असेल. नंतर इतरांना तो निकाल दर वेळी तसाच मिळाला नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. आणि काकडी फेकणारे मी ऑफिसात पाहिलेत, त्यासाठी माकड कशाला?

(पडद्यावर: किनाऱ्यावर रिसॉर्टच्या मागचा कचऱ्याचा ढीग. कावळे.)

हा ढीग बघून केनियातली एक गोष्ट आठवली. मसाई मारा भागात रॉबर्ट सापोल्स्की हे अमेरिकी शास्त्रज्ञ बबूनांच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या माकडांच्या, एका कळपावर नजर ठेवून होते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर पर्यटकांच्या लॉजच्या कचऱ्यातलं क्षयरोगी मांस खाऊन त्या कळपातले कितीतरी नर मेले. कचऱ्यावर जाऊन मारामारी करणारे दांडगे नर तेवढे गेले. उरले माद्या आणि मवाळ नर. बबूनांत नर मोठा झाला की घरचा कळप सोडतो, त्यामुळं दहाएक वर्षांत जुना एकही नर राहिला नाही, सगळे बाहेरून आलेले. तरी कळपाची रीत मवाळच राहिली. नव्या नराला माद्या लवकर जवळ घेत, त्याचे केस वेचत, आणि तो इथल्यासारखा वागायला लागे. हे २००४ साली छापून आलं.

(पडद्यावर: जाळं वाळूवर. चंदेरी उसळी.)

जाळं आलं. बांगडे, थोडे पेडवे, दोन कुर्ल्या. फार नाही. "आधी जाळा भरून मिळायचा," असं एक बाई म्हणाल्या आणि समुद्रातल्या मोठ्या यांत्रिक बोटींच्या दिशेनं हात झटकला. तो वाद मोठा आहे, त्याची वेगळी फिल्म होईल.

मग वाटे घातले गेले. होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचे. वाळूवर मासळीचे लहान लहान ढीग. तांडेल वाकून एका ढिगाकडं बघत राहिले, शेजारच्यातून दोन बांगडे उचलून त्यात टाकले, पुन्हा बघितलं. कुणी काही बोललं नाही.

आमच्या कॅमेरामननं मध्येच कॅमेरा स्टँडवर लावून दहा मिनिटं दोर ओढला होता. त्याच्या हातात एका पोरानं पिशवी दिली, चार बांगडे. मी नुसता प्रश्न विचारत उभा होतो. मला काही मिळालं नाही, आणि मिळायचं कारणही नव्हतं.

रात्री खानावळीत ते तळून आले. त्यानं ताट दोघांच्या मध्ये सरकवलं.