दख्खनी मेंढीची लोकर: पावसात ऊब, आगीत राख

नमस्कार मंडळी! नाशिकहून सिन्नरच्या रस्त्याला लागलात की मेंढरांचा कळप कधी ना कधी आडवा येतोच. आपण हॉर्न वाजवतो आणि पुढे जातो. आज जरा थांबू या.

ही आपली दख्खनी मेंढी. काटक, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणारी. वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात आणि एका वेळी निघते जेमतेम पाव ते अर्धा किलो. आता हे ऐका. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियात ख्रिस नावाचा एक मेरिनो जातीचा मेंढा रानात भटकताना सापडला. त्याच्या अंगावरून एकाच कातरणीत तब्बल 41.1 किलो लोकर निघाली! रानटी मेंढ्यांची लोकर दरवर्षी आपोआप गळते. मेरिनोची गळत नाही, कारण माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या तशी पैदास केली. कातरायला कोणी नसेल, तर त्या ओझ्याखाली जनावराचे हाल होतात.

मेरिनोची लोकर मऊ, तिचे स्वेटर होतात. आपली जाडीभरडी, अंगाला टोचणारी. पण घोंगडीला हीच लागते! धाग्यावर चिंचोक्याची खळ चढवतात आणि मग ते मागावर विणतात. पावसात शेतकरी घोंगडीची खोळ डोक्यावर घेतो, ते का? लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, वर मेंढीच्या अंगचं तेल. त्यामुळे थेंब बराचसा वरच्यावर ओघळतो. हवेतली वाफ मात्र तंतू आत ओढून घेतो, स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी, तरी हाताला ओला लागत नाही. आणि ओल शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर सोडते. मला यातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

एवढी गुणाची लोकर, पण भाव इतका पडलाय की कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. मेंढपाळ ती तशीच टाकून देतात. फार वाईट वाटतं हे बघून.

आता घोंगडी खरंच लोकरीची आहे का, हे ओळखायचं कसं? कॅमेरा जवळ घेतो. चिमट्यात घोंगडीचं एक सूत धरलंय, खाली काडी. बघा, केस जळल्यासारखा वास आला. काडी बाजूला केली, सूत आपोआप विझलं. राख बोटाने चुरली जाते. हे दुसरं सूत अ‍ॅक्रिलिकचं, म्हणजे कृत्रिम धाग्याचं. भडकलं, वितळलं आणि टोकाला टणक गोळी झाली. घोंगडी घेताना दुकानदाराकडून एक सूत मागून घ्या आणि ते घरी असंच जाळून बघा. पाण्याची वाटी तेवढी शेजारी ठेवा.