सोलर बसवणाऱ्या पोरांनो, खारं पाणी आणि 180 दिवस

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते छतावर सोलर बसवून देणाऱ्या आपल्या पोरांशी. आयटीआयचा वायरमन ट्रेड करून गावातच धंदा मांडलेली ही मुलं. पुण्याला जाऊन गोदामात खोकी भरण्यापेक्षा गावात पाना-पक्कड हाती धरणारा पोरगा मला मोठा वाटतो. हे मी याच माइकवरून आधी बोललोय आणि पुन्हाही बोलेन.

आधी एक गोष्ट पक्की करा, कारण सगळा गोंधळ तिथंच होतो. सबसिडी वेगळी, टॅक्स क्रेडिट वेगळं. सबसिडी ग्राहकाची, क्रेडिट तुमचं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे 3 किलोवॅटला 78 हजार मिळतात. त्याहून मोठी सिस्टिम बसवली तरी 78 हजारच. हे पैसे नेटमीटर, म्हणजे आलेली आणि गेलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर, लागून सिस्टिम सुरू झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात पडतात. तुमच्या नाही. तुमचं जे आहे ते जीएसटीचं इनपुट क्रेडिट. माल घेताना भरलेला कर तुमच्या विक्रीवरच्या करातून वळता होतो, तो हा.

आता दर्यापूरकडचा किस्सा ऐका. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. एका पोरानं दिवाळीनंतर एका काकांच्या स्लॅबवर 3 किलोवॅट बसवलं. स्ट्रक्चर भक्कम, पॅनल दक्षिणेला तोंड करून, अर्थिंगचे खड्डे तीन. काकांनी अर्धे पैसे आधी दिले, उरलेले कापूस विकला की देतो म्हणाले. पोरानं अमरावतीच्या होलसेलवाल्याकडून माल उधारीवर उचलला होता. हिवाळ्यात दिवसाला बारा-बारा युनिट निघाले आणि काका पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइलवरचा आकडा दाखवायचे.

मार्च लागला आणि आकडा घसरला. बाराचे दहा, दहाचे आठ. पोरगा म्हणाला, काका, ऊन वाढलं की पॅनल तापते. ते खरंच आहे. पॅनलवर लिहिलेले वॅट 25 अंशाला मोजलेले असतात आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. आपल्याकडे मे महिन्यात काचेखाली 65 अंश सहज होतात, म्हणजे तेरा-चौदा टक्के तिथंच गेले. पण बाराचे आठ उन्हानं होत नाहीत. काकांनी हात आखडला. "तुह्या पॅनलमंदीच दम नाई पोरा. पयले युनिट दाखव, मंग पैसे."

पोरानं क्लॅम्प मीटर लावला, कनेक्टर बदलले, इन्व्हर्टरच्या कंपनीला फोनावर फोन केले. सगळं ठीक निघे. शेवटी एका सकाळी तो वर चढला तेव्हा काकू बादली घेऊन उभ्या. "मी त रोज दोन टाइम पाणी मारतो बाप्पा. धूळ म्हणून बसू देत नाई." बोअरचं पाणी! खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी, तापलेल्या काचेवर, दिवसातून दोनदा. पाणी उडून जायचं आणि क्षार काचेवर राहायचा. खालच्या कडेला तर बोटभर रुंद पांढरा पट्टा घट्ट बसलेला. नखानं खरवडला तरी निघेना.

पोरानं आरओच्या पाण्याचे जार आणले, त्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, काच थंड असताना, मऊ फडक्यानं एकेक पॅनल भिजवत पुसून काढलं. तारेची घासणी लावली असती तर काच कायमची गेली असती. त्या दिवशी दहाच्या वर युनिट निघाले, भर उन्हाळ्यात. काकांनी संध्याकाळी घरी बोलावून उरलेली रक्कम हातावर ठेवली आणि काकूंनी पोराला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पण तोवर काय झालं होतं? होलसेलवाल्याचं बिल थकलं होतं. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराचे पैसे चुकते केले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत भरावं लागतं. पोराचे 180 दिवस उलटून गेले होते. पैसे चुकते केल्यावर क्रेडिट पुन्हा घेता आलं, पण व्याज गेलं ते गेलंच. पाणी खारं बोअरचं, आणि फटका बसला जीएसटीच्या रिटर्नमध्ये!

म्हणून बाप्पांनो, बसवायला गेलात की आधी घरातल्या बाईमाणसाशी बोला. पॅनल धुणार त्या आहेत. कोणत्या पाण्यानं धुवायचं, कधी धुवायचं, ते त्यांना सांगा. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी, उजाडताना, पंधरवड्यातून एकदा. खारपाणपट्ट्यात बोअरचं नको. पुन्हा सांगतो, बोअरचं नको.

आणि सावली पडते म्हणून अंगणातला कडुनिंब तोडायला सांगू नका. पॅनल सरकवा, दोन कमी बसवा. पंचेचाळीस अंशात त्या झाडाखाली घर जगतं. लग्नात डीजेवर लाख उधळणारे लोक अर्थिंगचे खड्डे तीनऐवजी एकच करा म्हणतात, त्यांचंही ऐकू नका. आपल्याकडे विजा पडून माणसं आणि गुरं मरतात.

आता कराचा दर. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या मालावर 12 ऐवजी 5 टक्के जीएसटी आहे. माल आणि बसवणं मिळून एकच ठेका असेल तर 70 टक्के रक्कम माल धरतात, 30 टक्के सेवा. लाखाच्या कामात 70 हजारांवर 5 टक्क्यांनी साडेतीन हजार, 30 हजारांवर 18 टक्क्यांनी 5,400. एकूण 8,900. आधी हेच 13,800 होतं. कोटेशन जुन्या दरानं देत असाल तर ते आजच बदला.

क्रेडिट मिळतं ते बिल हातात आहे म्हणून नव्हे. पुरवठादारानं ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये चढवलं आणि तुमच्या टूबीत, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-2बी या दरमहाच्या क्रेडिटच्या यादीत, दिसलं, तरच मिळतं. टूबीत दिसलं तरच! दर महिन्याला बघा, नसेल तर त्याला फोन करा. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरनंतर, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तेव्हाच, त्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट गेलं. आणि कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर क्रेडिटच नाही.

घरगुती ग्राहक विचारतो, मला इन्कम टॅक्समध्ये काही सूट? नाही, त्याला सबसिडी. पण कापसातून सरकी काढणारा जिनिंगवाला विचारेल तेव्हा उत्तर वेगळं आहे. त्याला सूर्यघरची सबसिडी नाही, पण सोलरवर 40 टक्के घसारा मिळतो, म्हणजे किमतीचा तेवढा भाग करपात्र नफ्यातून वजा होतो. सिस्टिम त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी चालली तर पहिल्या वर्षी निम्मा, 20 टक्केच. तेव्हा त्याचं काम सप्टेंबर संपायच्या आत सुरू करून द्या. कापूस यायच्या आधी त्यालाही वेळ असतो आणि तुम्हालाही. नमस्कार.