आडोशाचा हक्क

उन्हवऱ्याचं कुंड दिसायच्या आधी गंधकाचा वास येतो. दापोली तालुक्यातल्या या गरम झऱ्यावर गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या लेकीसुनांचा हात धरून येतात. बायकांच्या आंघोळीची सोय वेगळी आहे. त्या दाराशी आम्ही कॅमेरा बंद केला. आतलं काहीही तुम्हाला दिसणार नाही.

इथे निदान भिंत आहे. मालवणजवळच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर ती नसते. पाण्यातून बाहेर आलेल्या बाईच्या अंगाला ओला ड्रेस चिकटलेला, पायांना वाळू. दोघीजणी ओढणी ताणून धरतात, तिसरी तिच्यामागे कपडे बदलते, आणि धाकटी पोर पाठ फिरवून राखण करत उभी राहते. कुठे सुरूंच्या सावलीत नारळाच्या झापांची खोली असते. चुडतं वाळली की झापांना फटी पडतात, आणि मोबाइलला तेवढी फट पुरते.

अशा फटीतून व्हिडिओ काढणारा सापडला, की पहिला प्रश्न बाईलाच विचारला जातो: उघड्यावर कपडे बदलायचेच कशाला? हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो, असं आम्हाला ठामपणे वाटतं. कायदाही तसंच म्हणतो.

बाईला चोरून पाहण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ जागेला छप्पर आहे का, हे पाहत नाही. त्या परिस्थितीत आपल्याला कुणी पाहणार नाही असं तिने धरून चालणं रास्त होतं का, एवढंच पाहतं. ताणलेली ओढणी त्याचंच उत्तर देते. चोरून पाहणं, चित्रण करणं, ते पुढे पाठवणं, तिन्ही गुन्हे. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं कैद, पुन्हा केलं तर ३ ते ७. संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली, पण ही तरतूद आधीच्या भारतीय दंड संहितेतही २०१३पासून होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई पुरुषांनाही संरक्षण देतं, आणि जागा सार्वजनिक असो वा खासगी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. सार्वजनिक जागी पाऊल टाकलं म्हणून खासगीपणा संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालातही आलं आहे.

याला मर्यादाही आहे. सगळ्यांदेखत लाटांत खेळणाऱ्या बाईचा साधा फोटो कलम ७७मध्ये बसेलच असं नाही. म्हणून तो न विचारता काढावा, असं मात्र मुळीच नाही.

आणि अश्लीलतेचं काय? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ११०ला अंगप्रदर्शन जाणूनबुजून आणि असभ्यपणे केलेलं लागतं. न्याय संहितेच्या कलम २९६ला कृत्य अश्लील हवं आणि त्याचा इतरांना उपद्रवही व्हायला हवा. ऑक्टोबर २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की तोकडे कपडे घालून नाचणं तेवढ्याने अश्लील ठरत नाही. मग ओढणीआड ओले कपडे बदलणारी बाई गुन्हेगार कशी?

घरी परतल्यावर असा व्हिडिओ फिरताना दिसला, तर तक्रारीसाठी मालवणपर्यंत यायची गरज नाही. कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. लिंक आणि पाठवणाऱ्याचा नंबर जपून ठेवा. तो व्हिडिओ मात्र पुढे कुणालाही पाठवू नका, "बघ, हे काय चाललंय" म्हणूनसुद्धा नाही.