फायरप्लेसला किलोवॅट किती हवेत?

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना सगळ्यांना? बरं. तर इथे इंग्लंडमध्ये आपल्यातल्या बऱ्याच जणांनी जुनी घरं घेतलीत, लाल विटांची, व्हिक्टोरियन टेरेस वगैरे, म्हणजे एकमेकांना चिकटून ओळीने बांधलेली जुनी घरं, आणि त्यात पुढच्या खोलीत एक बुजवलेली फायरप्लेस असतेच, समोर प्लायवूड ठोकून वॉलपेपर लावलेला. मग एका हिवाळ्यात गॅसचं बिल बघून कुणीतरी म्हणतं की ही उघडूया, आत लाकडाचा स्टोव्ह बसवूया. शोरूममध्ये गेलं की पहिला प्रश्न येतो, किती किलोवॅटचा, म्हणजे खोलीला किती उष्णता देणारा? आणि आपण काय म्हणतो, थंडी खूप असते हो, मोठाच द्या. आज मला एवढंच सांगायचंय की मोठा घेऊ नका, आणि का घेऊ नका ते नीट आकड्यांत सांगतो.

आधी उघड्या फायरप्लेसचं बोलून घेतो म्हणजे तो विषय संपला. नुसती लोखंडी जाळी, वर लाकडं, सिनेमात दिसते तशी. त्यातली चार भागांपैकी तीन भाग किंवा जास्तच उष्णता धुराड्यातून वर जाते, शिवाय जाताना खोलीतली गरम हवा ओढून नेते आणि तेवढीच गार हवा दाराखालच्या फटीतून आत येते. म्हणून शेकोटीसमोर बसलात की तोंड भाजतं आणि पाठ गारठते. रमफर्ड नावाच्या माणसाने 1796 मध्ये यावर निबंध लिहिला, फायरप्लेस उथळ करा, बाजू तिरप्या करा, धुराड्याचा गळा अरुंद करा म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाईल, आणि लोकांनी लंडनभर तसे बदल करून घेतले. सुधारणा चांगलीच होती पण उघडी आग ती उघडीच. तिला किलोवॅटचा हिशेब फारसा लागू पडत नाही, ती शोभेची. हिशेब सुरू होतो तो काचेच्या दाराच्या बंद स्टोव्हपासून, तिथे 75-80 टक्के उष्णता आपल्याला मिळते.

आता दुकानात सांगतात ते सूत्र. खोलीची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 14 ने भागा. आला तो आकडा किलोवॅट. घर फारच फटींचं असेल तर 10 ने भागतात, नवीन आणि इन्सुलेशनवालं असेल तर 25 ने. समजा खोली 5 बाय 4 आणि उंची 2.7, म्हणजे 54 घनमीटर, भागिले 14, साधारण 3.9. सोपं आहे, चुकीचंही म्हणणार नाही, पण या सूत्राला तुमची भिंत दिसत नाही. उष्णता घनफळातून बाहेर जात नाही हो, ती भिंतीतून, खिडकीतून आणि फटीतून जाते.

तीच खोली घ्या, टेरेसच्या मधल्या घरातली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या गरम खोल्या, तिथून जवळजवळ काही जात नाही. मागे आपलंच घर. म्हणजे बाहेरची भिंत एकच, पुढची. बाहेर उणे 1 आणि आत 21 धरा, फरक 22 अंशांचा. नऊ इंची भरीव विटेची भिंत दर चौरस मीटरला दर अंशाला सुमारे 2.1 वॅट घालवते, खिडकी वजा जाता भिंत साधारण 7 चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे वॅट. खिडकी 4 चौरस मीटर, जुनी डबल ग्लेझिंग म्हणजे दुहेरी काचेची, अडीचशे. खालची लाकडी जमीन, तिच्याखाली हवा खेळते, तिचे तीनशे धरा. आणि फटींतून येणारी हवा, खोलीतली हवा तासाला दीड वेळा बदलते असं धरलं तर जवळजवळ सहाशे. बेरीज करा, दीड किलोवॅटच्या आसपास येते! सूत्र म्हणत होतं 3.9. तुमचं घर टेरेसच्या टोकाला असेल आणि दुसरी भिंतही बाहेरची असेल तर अजून सहाएकशे वॅट मिळवा, म्हणजे दोनच्या थोडं वर जाल. बघा, मधल्या घरात सगळ्यात मोठा आकडा हवेचा आहे, विटांचा नाही, तेव्हा आधी दाराखाली ब्रशची पट्टी लावा, ती फार स्वस्त पडते.

हो, थोडं जास्त लागतंच, ते कबूल. संध्याकाळी गार खोली झटकन तापवायची असते, नुसतं तापमान टिकवायचं नसतं. म्हणून दीडच्या जागी 4 चा स्टोव्ह घेतला तर माझी तक्रार नाही, त्याहून फार लहान मिळतातही कमी. पण लोक 8 चा घेऊन येतात.

मग होतं काय? अर्ध्या तासात खोली 28-30 अंशांवर, सगळे स्वेटर काढतात, खिडकी उघडतात, आणि शेवटी कुणीतरी स्टोव्हची हवेची झडप बंद करतं. इथेच खरी गडबड आहे. हवा कोंडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. आपल्याकडे बंबात ओलं सरपण घातलं की पाणी तापायच्या ऐवजी मोरीभर धूर व्हायचा, तसंच. न जळलेला वायू गार धुराड्यात जाऊन डांबरासारखा चिकटतो, काच काळी पडते, आणि ते डांबर एके दिवशी आतल्या आत पेट घेतं. लहान स्टोव्ह जोरात जळू द्यावा, मोठा कोंडू नये, या धंद्यातले सगळेच हे सांगतात. आणि शहरात राहत असाल तर तुमचं घर बहुतेक धूर-नियंत्रण क्षेत्रात, म्हणजे धुराड्यातून धूर सोडायला मनाई असलेल्या भागात असणार, 1952 च्या लंडनच्या त्या भयंकर धुरक्यानंतर 1956 चा कायदा आला तेव्हापासूनची ही भानगड. तिथे लाकूड जाळायचं तर या नियमातून सूट मिळालेलाच स्टोव्ह लागतो, आणि अशा बऱ्याच स्टोव्हची झडप मुद्दामच पूर्ण बंद होत नाही, म्हणजे मोठा घेतलात तर कमी करायची सोयसुद्धा नाही, भोगा.

एक काका विचारतायत की दुकानात सगळे स्टोव्ह 4.9 चेच का असतात. बरोबर पकडलंत काका! इंग्लंडच्या बांधकाम नियमांत 5 किलोवॅटच्या वर गेलात की भिंतीत हवेसाठी कायमचं भोक ठेवावं लागतं, 5 च्या वरच्या प्रत्येक किलोवॅटला 550 चौरस मिलिमीटर. हिवाळ्यात भिंतीत भोक कुणाला हवंय, म्हणून कंपन्या 5 च्या आत राहतात. पण घर नवीन, हवाबंद बांधलेलं असेल तर ते भोक पहिल्या किलोवॅटपासून लागतं, हे विसरू नका. आणि छापलेला आकडा हा चाचणीतला आकडा असतो, 5 चा स्टोव्ह लाकूड कोंबलंत तर 6-7 सुद्धा देईल. कोरड्या लाकडात, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या, किलोला साधारण 4 युनिट उष्णता असते, त्यामुळे 5 किलोवॅट मिळवायला तासाला दीड किलोच्या आसपास लाकूड घालावं लागतं. ओलं घातलंत तर पाणी उकळण्यातच बरीच आग वाया जाईल. 2021 च्या मेपासून इंग्लंडमध्ये लहान पिशव्यांतलं ओलं लाकूड विकायला बंदीच आहे, पण शेजाऱ्याने तोडलेलं झाड फुकट मिळालं म्हणून आणाल तर किमान एक-दोन वर्षं आडोशाला वाळवा.

गॅसच्या फायरप्लेसवाल्यांनी एकच बघायचं, कागदावर दोन आकडे असतात, गॅसमधून फायरप्लेसमध्ये जाणारी उष्णता आणि खोलीत मिळणारी. सेल्समन मोठा सांगतो, तुम्ही लहान बघा. इलेक्ट्रिक असेल तर तेरा अँपच्या प्लगवर 3 किलोवॅटच्या पुढे जाताच येत नाही, बहुतेक 1-2 चे असतात, आणि आपण आत्ता केलेल्या हिशेबात त्या खोलीला तेवढंच लागत होतं की.

पुढची आणि मागची खोली पाडून एक केली असेल तर दोन्हींची बेरीज करा, पण जिना त्याच खोलीतून वर जात असेल तर थांबा. गरम हवा सरळ वर जाणार, खाली सोफ्यावर गारच आणि वरच्या बेडरूममध्ये घाम. तिथे किलोवॅट वाढवून उपयोग नाही, जिन्याला दार लावा किंवा जाड पडदा.

आणि ताई, तुमचा प्रश्न, स्टोव्ह लावल्यावर मुलांची खोली थंड का पडते. बॉयलरचा थर्मोस्टॅट त्याच खोलीत आहे ना? मग त्याला वाटतं घर तापलं, तो बॉयलर बंद करतो, वरचे रेडिएटर गार. थर्मोस्टॅट पॅसेजमध्ये हलवा, वायरलेसवाला असेल तर नुसता उचलून ठेवायचा, आणि स्टोव्हच्या खोलीतल्या रेडिएटरला खोली तापली की आपोआप बंद होणारी स्वतःची झडप बसवा.