पाट मांडला होता, पण कुठे?

(पुण्यात सदाशिव पेठेत झालेल्या व्याख्यानाचं थोडंसं नीट केलेलं शब्दांकन)

मागे आवाज येतोय ना? पंखा जरा कमी करता का, नाहीतर माझे कागद उडतील. हां, बास.

तर तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल, जून उजाडला की वह्यांना कव्हरं घालायची आणि त्यासाठी ते गुळगुळीत कागदाचं रशियन मासिक घरात असलं म्हणजे काय चैन! माझ्या गणिताच्या वहीवर शेतात रांगेनं चाललेले ट्रॅक्टर होते, वर्षभर गणितं चुकली पण ट्रॅक्टर काही फाटले नाहीत. ज्या देशाचे ते ट्रॅक्टर, तो सोव्हिएत युनियन डिसेंबर १९९१ मध्ये नकाशावरून गेला. आणि आज कुणाला पटणार नाही, पण त्यानंतर मॉस्कोत जे सरकार आलं त्याला अमेरिका-युरोपच्या गोटात जायचंच होतं, म्हणजे अगदी मनापासून. मग तीस वर्षांत असं काय झालं की हा देश पार उलटा फिरला?

आपल्याकडे याची दोन रेडिमेड उत्तरं मिळतात, व्हॉट्सअॅपवर तर रोजच. एक, अमेरिकेने फसवलं. दोन, रशियन लोक मुळातच तसले. मला दोन्ही आळशी वाटतात.

सोव्हिएतचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह म्हणायचे, युरोप हे आपलं सगळ्यांचं सामाईक घर. आता घराचाच विषय निघालाय तर आपलं उदाहरण घेऊ. कोथरूडला एक जुनी सोसायटी आहे समजा आणि शेजारी एक मोठा बंगला. भिंतीवरून चाळीस वर्षं भांडण. शेवटी बंगलेवाला थकतो, म्हणतो जाऊ दे, भिंत पाडू, एकत्र राहू. सोसायटीची कमिटी म्हणते, या की, हा फॉर्म, हे बायलॉज, सही करा, मेंटेनन्स दर महिन्याला. बंगलेवाला बघतच राहतो. त्याच्या डोक्यात असं की दोन्ही पाडून नवीन सोसायटी होणार, नियम दोघांनी बसून लिहायचे आणि कमिटीत आपली खुर्ची पक्की. बरं, कमिटी तरी काय खोटं बोलली? तिला वाटलं की भांडणात हरला म्हणून आलाय. त्याला वाटलं की भांडण मी स्वतःहून मिटवलं. सोसायटी म्हणजे अमेरिका-युरोप, बंगलेवाला म्हणजे रशिया, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे.

जर्मनी-जपानचं उदाहरण लोक लगेच देतात, ते नाही का मिसळले? अहो पण ते हरले होते, परकं सैन्य त्यांच्या रस्त्यांवर उभं होतं आणि समोर सोव्हिएतची भीती होती. रशियाच्या रस्त्यावर कुणी परकं सैन्य आलं नव्हतं, अणुबॉम्ब होते, यूएनमधला व्हेटो होता. असा देश मागच्या बाकावर बसून हजेरी देणार नाही.

आणि घरात काय चाललं होतं? जानेवारी १९९२ मध्ये भावांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं आणि त्या एका वर्षात महागाई काहीतरी २५०० टक्के! आयुष्यभराची बँकेतली शिल्लक, मुलीच्या लग्नाची, म्हातारपणाची, सगळी मातीमोल. म्हणजे सामान्य रशियन माणसाची 'पश्चिमेचं मॉडेल' या शब्दाशी पहिली ओळख ही अशी झाली. आता त्याला लोकशाहीवर भाषण देऊन बघा.

एक किस्सा सांगतोच. डिसेंबर १९९२, स्टॉकहोममध्ये परराष्ट्रमंत्र्यांची बैठक. रशियाचे कोझिरेव्ह उठले, हे पक्के पश्चिमवादी बरं का, आणि एकदम जुन्या सोव्हिएत थाटात धमक्याच सुरू, आम्ही सर्बियाच्या पाठीशी, आमच्या जुन्या प्रदेशात आम्ही आमच्या हिताचंच बघणार वगैरे. सगळ्यांची तंतरली. थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, ते माझं मत नव्हतं, आमच्याकडे विरोधक सत्तेवर आले तर काय ऐकावं लागेल ते दाखवत होतो. नाटक म्हणून लोकांनी सोडून दिलं, पण आज ते भाषण वाचलं तर काटा येतो.

मग १९९९. १२ मार्चला पोलंड, हंगेरी, झेक हे नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकाराच्या लष्करी गटात आले आणि २४ मार्चला नाटोची युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू. त्याच सुमारास रशियाचे पंतप्रधान प्रिमाकोव्ह कर्जाची बोलणी करायला वॉशिंग्टनला निघाले होते, विमान अटलांटिकवर, फोन आला की हल्ला होतोय, त्यांनी तिथूनच विमान मागे फिरवलं. तरी संबंध तुटले नाहीत हं! सप्टेंबर २००१ मध्ये पुतिन जर्मन संसदेत चक्क जर्मनमध्ये बोलले, खासदारांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण त्याच डिसेंबरात अमेरिकेने एबीएम करारातून, म्हणजे क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या जुन्या करारातून, बाहेर पडायची नोटीस दिली. २००४ मध्ये बाल्टिक देशही नाटोत. हे सगळं मॉस्कोला टोचलं, ते खोटं नाही. फक्त एक गोष्ट, पोलंड किंवा एस्टोनिया यांना कुणी उचलून नेलं नव्हतं, ते स्वतः दार वाजवत होते, आणि का वाजवत होते ते त्यांच्या आजी-आजोबांना विचारा. मॉस्कोच्या कहाणीत ही माणसं कधी दिसतच नाहीत.

आता माझा खरा मुद्दा, जो आपल्याकडे कुणी फारसा बोलत नाही. सगळं नाटोमुळेच झालं म्हणता ना? मग २०१३ बघा. युक्रेनने २०१० मध्येच कायदा करून ठेवला होता की आम्ही कुठल्याच लष्करी गटात जाणार नाही. २०१३ मध्ये टेबलावर होता तो युरोपियन युनियनशी सहकार्य आणि व्यापाराचा करार. रणगाडे नाहीत, कस्टम ड्युटी, मालाचे स्टँडर्ड, सरकारी खरेदीचे नियम असला रुक्ष कागद. आणि त्याच्यावरून मॉस्कोने एवढा दबाव आणला की युक्रेनचे अध्यक्ष यानुकोविच यांनी नोव्हेंबरमध्ये सहीच टाळली, लोक रस्त्यावर आले, आणि पुढे मार्च २०१४ पर्यंत युक्रेनचा क्रिमिया रशियाने घेतला. एका व्यापारी करारात एवढं घाबरण्यासारखं काय होतं? तर त्या कागदासोबत कोर्टं येतात, टेंडरं उघडी करावी लागतात, मालमत्ता कुणाची हे राजाच्या मर्जीवर राहत नाही. रशियातला सगळ्यात श्रीमंत माणूस खोदोरकोव्स्की, २००३ मध्ये विमानातून उतरवून आत टाकला होता. ज्या राज्यात हे होऊ शकतं त्याला ब्रुसेल्सचे, म्हणजे युरोपियन युनियनचे, नियम परवडत नाहीत, आणि शेजारच्या कीवमध्ये ते नियम नीट चालले तर त्याहून वाईट, कारण तिथलं बघून आपले लोक विचारतील, मग आपल्याकडे का नाही. देशाला धोका नव्हता हो, खुर्चीला होता.

आणि पैसा! ऑगस्ट १९९८ मध्ये कर्ज बुडवलेला देश, तेव्हा तेल दहा-बारा डॉलरच्या घरात आलेलं. जुलै २००८ मध्ये तेच १४७. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज मुदतीआधी फेडलं, पॅरिस क्लबचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाचं, २००६ मध्ये. खिशात पैसे आले की जुने अपमान जास्त आठवतात, आपल्या भावकीत बघा. फेब्रुवारी २००७ चं पुतिन यांचं म्युनिकचं भाषण, ज्यात त्यांनी अमेरिका आणि नाटोवर उघड टीका केली, या पैशाच्या जोरावर होतं, नाहीतर तक्रारी बऱ्याचशा जुन्याच.

प्रश्न घेऊ. हां काकू, तुम्ही.

काकू विचारतायत, मग चीनकडे गेला तिथे तरी मान मिळाला का? चीन कोर्टाबद्दल विचारत नाही, निवडणुकांबद्दल विचारत नाही, तेवढं सुख आहे. पण क्रिमियानंतर दोनच महिन्यांनी, मे २०१४ मध्ये शांघायला गॅसचा करार झाला, तीस वर्षांचा, ४०० अब्ज डॉलरचा म्हणून गाजावाजा झाला. दहा वर्षं भावावर घोडं अडलं होतं. मंडई उठायच्या वेळेला भाजी घ्यायला जाणारं गिऱ्हाईक असतं ना, चीन तसा नेमका तेव्हा बसला. घासाघीस अगदी पहाटेपर्यंत चालली, मग सह्या झाल्या, आणि भाव काय ठरला ते काही जाहीर केलं नाही.

माइक पाठवा तिकडे, निळा शर्ट.