टीव्हीची हद्द कुठं संपते?

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी कुणी आत्ता गाडीत हे ऐकत असेल आणि गाडी कळे ओलांडून गगनबावड्याकडं निघाली असेल, तर आधीच सांगून ठेवतो. पुढं कुठंतरी माझा आवाज खरखरायला लागेल, एखाद्या वळणावर गायब होईल आणि चढावर परत येईल. सेटला दोष देऊ नका. एफएमच्या लहरी आणि जुन्या दूरदर्शनच्या लहरी एकमेकींच्या शेजारणी. दोघीही जवळपास सरळ रेषेत चालतात, आणि डोंगर आडवा आला की त्याच्यामागं त्यांची सावली पडते. टीव्हीचं चित्र कुठवर पोचायचं आणि कुठं अडायचं, याच हद्दीबद्दल आज बोलायचंय.

आकाशवाणीचं सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर ऐकत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ही अडचण फारशी जाणवली नसेल. ती मध्यम लहर, लांबी साधारण २४० मीटर. ती जमीन धरून चालते, टेकडीला वळसा घालते, खोऱ्यात उतरते. टीव्हीची लहर फार तर पाच-सहा मीटरची, वरच्या वारंवारतेच्या पट्ट्यात तर दीड मीटरची. तिला एवढा वळसा जमत नाही.

ती किती लांब जाणार याचा हिशेब मात्र शाळकरी आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ नं गुणा. शंभर मीटरच्या मनोऱ्याला ४१ किलोमीटर मिळतात. तुमच्या घरावरचा अँटेना नऊ मीटरवर असेल तर त्याचे आणखी १२. मध्ये काही आडवं नसेल तर ५३ किलोमीटरवर पृथ्वीची गोलाई आड येते. यातली मेख वर्गमूळात आहे: अंतर दुप्पट करायचं तर मनोरा चौपट उंच लागतो. म्हणून तर केंद्रं गडांवर आणि डोंगरमाथ्यांवर जाऊन बसली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपक आला. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, आपलं कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. वरच्या सूत्रात फरक घालून बघा. घरावर पंधरा मीटरचा पाइप उभा केला तरी हिशेब १३० किलोमीटरच्या आसपास थांबतो. सिंहगड इथून सरळ रेषेत १९० किलोमीटर, आणि मध्ये साताऱ्याचे डोंगर. म्हणजे गणितानं नापासच. तरी गच्चीवर तीन पाइप जोडून पुण्याच्या दिशेनं तोंड करणारे हौशी होतेच, आणि त्यांना अधूनमधून फळही मिळायचं. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, असा थर बसला की लहर त्यात वाकते आणि क्षितिजाच्या पलीकडं उतरते. थर मोडला की ते चित्र मुंग्यांत विरून जायचं.

त्या काळच्या गच्च्या वाचताही यायच्या. अँटेनाच्या दांड्या दोन मीटरच्या वर लांब असतील तर घर खालच्या पट्ट्यातलं केंद्र पकडतंय. दीड-पावणेदोन हाताच्या आखूड दांड्या दिसल्या की वरचा पट्टा. दांडी लहरीच्या निम्म्या लांबीची कापावी लागते, म्हणून हा फरक. दुकानदार सगळ्यांना एकच माल विकायचा आणि वर बूस्टर गळ्यात मारायचा, ही गोष्ट वेगळी. बूस्टर असलेला सिग्नल वाढवतो, नसलेला आणत नाही. मुंग्या तेवढ्या जोमानं वाढतात.

मग आकाशात इन्सॅट १-बी हा उपग्रह आला. १९८४ मध्ये काही महिने तर देशात सरासरी रोज एक नवा छोटा प्रक्षेपक उभा राहत होता. ताकद शंभर वॅट, म्हणजे त्या काळच्या एका दिव्याइतकी, पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर. सरकारी नकाशावर गावाभोवती वर्तुळ काढलं की आतली सगळी गावं प्रक्षेपणाखाली जमा. प्रत्यक्षात त्या वर्तुळाला डोंगराच्या बाजूनं खाचा पडलेल्या असायच्या. कोल्हापुरातून पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडं सपाटी, तिकडं लहर सुखानं जाणार. पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा. तिथं एका वाडीला चित्र आणि टेकडीपलीकडच्या वाडीला नुसती खरखर, हे ठरलेलं.

चित्र आलं तरी ते कुणाचं, हा दुसरा प्रश्न. छोट्या प्रक्षेपकांना कार्यक्रम उपग्रहावरून यायचा आणि उपग्रहावर सुरुवातीला दिल्लीच होती. त्यामुळं मराठी मुलखातल्या घरात स्वच्छ चित्र यायचं, पण बहुतेक हिंदी. मुंबईचे मराठी कार्यक्रम छोट्या गावांपर्यंत यायला मध्ये बराच काळ गेला. माझ्या मते व्याप्तीच्या आकडेवारीत ही बाजू कधी नीट मोजलीच गेली नाही. सीमाभागात तर आणखी गंमत. कोगनोळीचा नाका लहरीला दिसत नाही, ती खुशाल निपाणीच्या अंगाला जाते. आणि चंदगडला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ, तिथला अँटेना साहजिकच तिकडं तोंड करणार.

हे सगळं आता इतिहासजमा झालंय. २०२२ पर्यंत दूरदर्शननं जमिनीवरचे बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद केले. आज आपल्या खेड्यांत डीडी फ्री डिश किंवा एखाद्या कंपनीची छत्री असते. फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून जवळपास ३६,००० किलोमीटर उंच. कोल्हापुरातून तो आग्नेयेला आणि क्षितिजापासून तब्बल ६० अंश वर दिसतो. गगनबावड्याचे मोठे डोंगर पश्चिमेला! ज्या सह्याद्रीनं टीव्ही अडवला, तो छत्रीच्या वाटेतच येत नाही.

छत्रीकडं बघून हे पटत नाही, कारण ती फारशी वर बघतेय असं वाटत नाही. तिचा आकारच तिरका असतो, वरून आलेली लहर ती खाली दांडीवरच्या एलएनबीकडं, म्हणजे लहर टिपणाऱ्या डबीकडं फेकते. आग्नेयेला पाच मीटरवर झाड असेल तर ते छत्रीपेक्षा साडेआठ मीटर उंच होईपर्यंत चालतं. नारळ तेवढा होतो, आणि मग वाऱ्याबरोबर चित्राचे चौकोन पडायला लागतात.

खरी नवी हद्द मात्र पावसाची आहे. या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. अ‍ॅनालॉगमध्ये चित्र हळूहळू मुंग्यांत बुडायचं, तरी आवाजावरून बातमी कळायची. डिजिटलमध्ये एका क्षणी सगळं स्वच्छ आणि दुसऱ्या क्षणी काळा पडदा. गगनबावड्याच्या जुलैमध्ये साठ सेंटिमीटरऐवजी नव्वदची छत्री लावली तर सव्वादोन पट क्षेत्रफळ मिळतं आणि बऱ्याच सरी निभावतात. पाऊस उघडल्यावरही चित्र तुटत असेल तर आभाळाकडं बघू नका. वायरच्या टोकाचा कनेक्टर उघडा, तांब्याची तार हिरवी पडली असेल तर पाणी आत गेलंय. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा आणि वरून टेप गुंडाळा.

उपग्रहाची एक मर्यादा छत्री मोठी करूनही जात नाही. त्याचा झोत अख्ख्या देशावर पडतो, म्हणून त्यावर अख्ख्या देशाला परवडेल तेच चालतं. पंचवीस किलोमीटरच्या पल्ल्याचा उपयोग पंचवीस किलोमीटरपुरतं बोलायला करता आला असता. टीव्हीनं तो केला नाही, काही अंशी केबलवाल्यांनी केला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली, वीज गेलेल्या भागांत छत्री आणि केबल दोन्ही निकामी झाल्या. तेव्हा माणसांना देशाच्या बातम्या नको होत्या. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटांवर आहे, ३९ ची इशारा पातळी आणि ४३ ची धोका पातळी ओलांडून किती वर गेलंय, शिरोळचा कुठला रस्ता चालू आहे, एवढंच हवं होतं. ते सांगायला जिल्ह्यापुरता पल्ला आणि दोन सेलवर चालणारा रेडिओसंच पुरतो.

नमस्कार.