पान १४२

अध्यक्ष महाराज, ग्रंथपाल मॅडम आणि मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'ई-रीडर की छापील पुस्तक?' त्यातलं प्रश्नचिन्ह तुमच्या कार्यवाहांचं. मला हा प्रश्न 'पोळी की भाकरी' याच जातीचा वाटतो. दातांची अवस्था काय आणि ताटात कालवण कोणतं, ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पण चाळीस मिनिटं दिलीत आणि चहाही आधीच पाजलात, तेव्हा बोलणं भाग आहे.

एक सांगून टाकतो. पुस्तकाच्या वासाबद्दल मी बोलणार नाही. या विषयावरच्या भाषणात वक्ता पहिल्या पाच मिनिटांत कोरं पुस्तक नाकाला लावतो. मी बँकेत होतो, साडेचार वर्षं कोकणात काढली. श्रावणात पुस्तकांच्या कपाटाला कसला वास येतो ते मला विचारा. त्या वासावर अजून कुणी कविता केलेली नाही. आणि बदली झाली की चौदा खोकी. एका टेम्पोवाल्याने खोकं उचलून पाहिलं, परत खाली ठेवलं आणि विचारलं, "साहेब, फरशी बसवायचं काम चाललंय का?" भाडं त्याने फरशीचंच लावलं.

त्यामुळे २०१३ साली भाचीने बंगळुरूहून ते ई-रीडरचं, पुस्तकं वाचायचं यंत्र आणून हातात ठेवलं तेव्हा मी काही छापील पुस्तकांचा कैवारी म्हणून छाती पुढे काढून उभा नव्हतो. दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि आत चौदा खोकी मावतात म्हणाली. आमच्या घरी त्याचं नाव 'पाटी' पडलं. दिसतेही तशीच, फक्त पेन्सिल नाही.

त्या पाटीचं एक कौतुक केलंच पाहिजे. मोबाइलसारखी ती डोळ्यांवर उजेड फेकत नाही. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण, त्यांचे विद्युतभार एकमेकांच्या उलटे. यंत्राने हुकूम सोडला की काळे वर येतात, पांढरे खाली जातात, किंवा उलट. एकदा अक्षर उमटलं की ते तसंच राहतं, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती पान उलटायला. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं. हे डोकं नव्वदच्या दशकात अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या मंडळींनी चालवलं. सोनीने जपानात २००४ मध्ये असं यंत्र बाजारात आणलं, पण गवगवा झाला तो २००७ च्या नोव्हेंबरात अॅमेझॉनचं किंडल आलं तेव्हा. म्हणजे या पडद्यामागे कागदाची नक्कल करण्याचीच धडपड आहे. आपण मात्र त्याला कागदाचा शत्रू समजून बसलोय.

पाटीवर खरं वाचलं ते माझ्या आईने. तेव्हा ब्याऐंशीची होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक टाईप दिसेना. भिंग धरायचं तर हात थरथरायचा. तिला अक्षर मोठं करून दिलं. एका पानावर जेमतेम पंचवीस शब्द मावायचे, पण वाचू लागली. पाटी ठेवायची कुठे? तिने पोथीची ठवणी काढली आणि तिच्यावर पाटी ठेवली! दुसऱ्या दिवशी मला बोलावून विचारते, "अरे, याला पाय लागला तर नमस्कार करायचा का?" मी म्हटलं, आत दासबोध आहे. म्हणाली, "दासबोध आहे रे, पण तूच म्हणालास ना, त्याच्या शेजारी त्या खुनाच्या गोष्टीसुद्धा आहेत?" तिने मग तोडगा काढला. दासबोध उघडा असेल तर नमस्कार, एरवी नाही.

आता गाऱ्हाणं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलंय, ते मी पाहिलंय.

मराठी पुस्तकांचं सांगतो. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर विकायला आली २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमच्या बरोबर. त्याआधी आमच्यासारखे लोक पीडीएफवर दिवस काढत होते. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा. डेमी आकाराचं पान सहा इंचांच्या पाटीवर उतरवलं की मुंग्यांची रांग दिसते. अक्षर मोठं करायला गेलात तर ओळीचं एक टोक भिंतीत जातं. मग अख्खी ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायची, आरती ओवाळल्यासारखी.

असं का झालं? नव्वदच्या दशकापासून आपली ढीगभर पुस्तकं अशा फॉन्टांत जुळवली गेली की त्यात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असायचा. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर गिचमिड. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळेल अशा लिपीच्या सांकेतिक पद्धतीत, आणताना जे झालं ते मी पाटीवर भोगलंय. एका पुस्तकात नायक 'दर्याखोर्यांतून' हिंडतो. मी तीन पानं त्याला समुद्रावर शोधत होतो! तो बिचारा सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत होता. आपला तो अर्धा, पापणीसारखा र पडला की दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांना पोचते. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे. पाकळीचा ल आणि देठाचा श यांबद्दल राज्य शासनाने २००९ साली निर्णय काढला, पण पाटीला तो कोणी वाचून दाखवला नसावा. प्रकाशकाला मी पत्र लिहिलं. नाव सांगत नाही, माणसं सज्जन आहेत. उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोर्त." आहोतच्या डोक्यावर रफार!

हसू नका, वेळ जातो.

आता ज्याच्यासाठी आलोय ते. हे पुस्तक. पिशवीतून काढतो, जपून, शिवण सुटलीय. नर्मदा परिक्रमेचं प्रवासवर्णन आहे. लेखकाचं नाव सांगणार नाही, कारण पुढे कळेल. १९८८ साली मी नांदेडला असताना आमच्या हेड कॅशियरना वाचायला दिलं. मग माझी बदली झाली. पुस्तक गेलं असं समजून मी त्याचं सुतक पाळलं आणि विसरलो. २००७ साली घरी टपालाने पुडकं आलं. आत हे पुस्तक आणि चिठ्ठी: "साहेब, आपलं पुस्तक परत पाठवत आहे. घर बदलतोय. पूर्ण वाचून झालेलं नाही, क्षमस्व." एकोणीस वर्षांत! हिशेबाला पक्का माणूस, पण वाचनात सावकाश.

त्यांनी वाचलं नसेल, पण पुस्तक गप्प बसलेलं नव्हतं. पहिल्या पानावर माझ्या नावाखाली आणखी चार नावं, चार शायांत. पुढे गावं: परभणी, वसमत, हिंगोली, पुन्हा परभणी. मधे एसटीचं तिकीट. दुधाचा हिशेब, त्यातला एक खाडा लाल पेन्सिलीने कापलेला. आणि मग पान १४२.

गोष्ट अशी. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना लुटतात असं पूर्वापार सांगतात. आमच्या लेखकालाही पान १३८ वर लुटलं. वर्णन बहारीचं आहे. अंगावर लंगोटी आणि मुखात मैयाचं नाव, एवढंच उरलं म्हणतो. चार पानं पुढे, पान १४२ वर, तो एका गावात पोचतो आणि लिहितो, "घड्याळात पाहिलं, साडेचार वाजले होते."

समासात निळ्या शाईत: "घड्याळ कुठून आलं?"

खाली लाल शाईत, दुसरं अक्षर: "गावकऱ्यांनी दिलं असेल. श्रद्धा ठेवा."

त्याखाली पेन्सिलीने: "प्रश्न श्रद्धेचा नाही, घड्याळाचा आहे."

आणि सगळ्यात खाली हिरव्या शाईत. हिरवी शाई म्हटल्यावर तुमच्यातले सरकारी नोकरीतले सावरून बसले, म्हणजे राजपत्रित अधिकारी! त्यांचा शेरा: "उभय पक्षांचे म्हणणे वाचले. घड्याळ सापडेपर्यंत प्रकरण प्रलंबित ठेवावे."

ही चार माणसं एकमेकांना कधी भेटली असतील असं मला वाटत नाही. लेखक त्यांना माहीत, मी फक्त पहिल्या पानावरचं नाव. पण पुस्तक वाचलं ते त्यांनी. मी १९८८ च्या आधी दोनदा वाचलं होतं, मला ते घड्याळ दिसलं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी हेच पुस्तक पाटीवर विकायला आलेलं दिसलं. हौसेने घेतलं. घड्याळापाशी गेलो. पान नंबर नव्हताच, 'एकावन्न टक्के' असं काहीतरी खाली लिहिलेलं. वाक्य होतं: "उन्हं कलली होती." घड्याळ गेलं! कोण्या शहाण्या संपादकाने नव्या आवृत्तीत मुकाट्याने काढून टाकलं. छापील नव्या आवृत्तीतही काढलं असेल, त्याचा तो हक्क आहे. पण माझ्या जुन्या प्रतीतलं वाक्य खोडायला कोणाला माझ्या घरी यावं लागेल, बेल वाजवावी लागेल.

पाटीवर बेल वाजवावी लागत नाही. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत लोकांनी पैसे देऊन घेतलेली दोन पुस्तकं अॅमेझॉनने त्यांच्या किंडलवरून परस्पर उडवली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत केले, पुढे कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पुस्तकं कोणती? जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'. '१९८४' मध्ये सरकारच गैरसोयीचं जुनं लिखाण नष्ट करत असतं. विनोद मी केलेला नाही, तो त्यांचाच. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी त्यावर टिपणं काढली होती. टिपणं राहिली, पण ज्यावर काढली ते पुस्तकच गेलं. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. विकलेली पुस्तकं वाचता येईनाशी झाली, पैसे परत दिले. आणि ज्यांनी समासात टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर जादा. म्हणजे निळी, लाल, पेन्सिल आणि हिरवी शाई मिळून दर ठरला पंचवीस डॉलर!

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं'. बरं. मूळ विषय पाच मिनिटांत.

पाटी कधी घ्यावी? डोळे अधू असतील तर आजच घ्या, माझ्या आईसाठी एवढं एकच कारण पुरेसं होतं. प्रवासाला घ्या. एकदाच वाचायच्या कादंबऱ्या, रहस्यकथा तिच्यावर वाचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क सुटतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं आहे. असं जुनं साहित्य पाटीवर फुकट वाचता येतं. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ देते, इंग्रजी वाचणाऱ्या पोरांना त्याचा मोठा उपयोग.

कविता तिच्यावर नको. अक्षर मोठं केलं की ओवीचे साडेतीन चरण सात ओळींत सांडतात. दोन ठिकाणी बोटं घालून मागेपुढे करत वाचायची पुस्तकंही नकोत. 'ते वाक्य डाव्या पानावर खाली होतं' ही आठवण पाटीवर होत नाही, तिथे डावं पानच नाही.

आणि मुख्य मुद्दा, जो सुरुवातीला मांडायचा होता. पैसे भरल्यावर पुस्तक कोणाचं? पाटीवर बहुतेक वेळा आपण वाचायचा परवाना घेतो, पुस्तक घेत नाही. परवाना हेड कॅशियरना देता येत नाही. अमेरिकेत काही पुस्तकं किंडलवर उसनी देता यायची, २०१० च्या अखेरीस ती सोय सुरू झाली होती. चौदा दिवस, आणि एक पुस्तक जन्मात एकदाच. चौदा दिवसांत आमचे कॅशियर प्रस्तावनेपर्यंतही पोचले नसते. पाटी दुसऱ्यांनी अधोरेखित केलेली वाक्यं दाखवते, 'इतक्या जणांना आवडलं' म्हणून आकडाही दाखवते. सगळे माना डोलावणारे. 'घड्याळ कुठून आलं' म्हणणारा एक तिथे दिसला नाही. तुमच्या या वाचनालयात काउंटरवर 'देवघेव' अशी पाटी आहे. खरी पाटी ती! तिथे पुस्तक जातं, येतं, येताना काहीतरी घेऊन येतं. ई-रीडर आणायचे तर वाचनालयाने दोनचार आणावेत, म्हाताऱ्या वर्गणीदारांना घरी न्यायला द्यावेत, याबद्दल माझं बरंच म्हणणं होतं. ते चहाच्या वेळी कार्यवाहांना सांगेन.

दुसरी चिठ्ठी. हो, थांबलोच.

ग्रंथपाल मॅडम, हे पुस्तक मी तुमच्याकडे देतोय. दाखल नोंदवहीत घ्या, बांधणी करून घ्या, पण समास कापू देऊ नका. आणि एक विनंती. प्रत्येक वाचनालयाचं शिक्का मारायचं एक ठरलेलं गुप्त पान असतं. तुमचं कोणतं ते मी विचारत नाही. १४२ असेल तर या एका पुस्तकापुरतं बदला. तिथे हिरव्या शाईच्या खाली अजून दोन बोटं जागा आहे.